संध्या यांचें नृत्यशिक्षण : चित्रपटांच्या कालक्रमावरून केलेला विचार

(१) प्रस्ताव

मराठी व हिंदी बोलपटांतील विख्यात नटी संध्या या ता. ४ ऑक्टोबर २०२५ रोजीं निवर्तल्या. त्यांचें मूळचें नांव विजया देशमुख. व्ही. शांताराम यांच्या 'अमर भूपाळी' (१९५१) पासून 'पिंजरा' (१९७२) व त्यानंतरच्या 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी' (१९७५) पर्यंत सुमारें पाव शतक त्यांची कारकीर्द चालली. त्यांच्याविषयीं बोलतांना 'शास्त्रीय नृत्यांत तयार झालेली नटी' असें लोक सरसकट म्हणतात. हें विधान खोटें नाहीं. परंतु तें कोणत्या सालापासून खरें धरावें, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. शेवटचें पान गळालेल्या पोथीची जी गति होते, तीच या विधानाची झाली आहे. मजकूर आहे, पण शक नाहीं.

प्रस्तुत लेखांत तो शक बसविण्याचा प्रयत्न केला आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, संध्या या नृत्य शिकून चित्रपटांत आल्या नाहींत, चित्रपटांत येऊन नृत्य शिकल्या. आणि तें शिक्षण चित्रपटाच्या कामांतच झाल्यामुळें त्यांचे चित्रपट हेच त्या शिक्षणाचे सालवार लेख होत. ते कालानुक्रमें लावून पाहिले म्हणजे एका स्त्रीची विद्या कशी वाढत गेली हें दिसतें. क्रम सोडून पाहिले तर केवळ कौतुक उरतें.

नटीच्या कारकीर्दीचा विषय या त्रैमासिकांत कशाला, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आम्हांसही ती पुष्कळ वर्षें येत असे. शाहिरांच्या लावण्यांचीं बाडें मिळविण्यासाठीं आपण गांवोगांव हिंडतों, पाठभेद टिपतों, कागदाची व शाईची परीक्षा करतों. पण ती लावणी ज्या पायांनीं नाचली गेली, त्या पायांची चौकशी करीत नाहीं. हा आपल्या संशोधनांतील जुना दोष आहे, आणि त्या दोषाचे आम्ही स्वतः वांटेकरी आहों. त्याची हकीकत लेखाच्या शेवटीं येईल.

(२) परिभाषा

'शास्त्रीय नृत्य' हा शब्द आज फार सैलपणें वापरला जातो, म्हणून प्रथम परिभाषा पाहूं. दशरूपककार धनंजयानें नाट्य, नृत्य आणि नृत्त असे तीन भेद केले आहेत. नाट्य रसावर अवलंबून असतें, नृत्य भावावर, आणि नृत्त केवळ ताल व लय यांवर. पुढें तेराव्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला; त्यांतील शेवटचा अध्याय नर्तनाचा आहे. म्हणजे नृत्यशास्त्रावरील एक अत्यंत प्रमाणभूत ग्रंथ आपल्याच महाराष्ट्रांत लिहिला गेला. ही गोष्ट आपण अभिमानानें सांगतों खरे, पण त्या शास्त्राचा प्रयोग मधल्या शतकांत येथें कोणाच्या अंगीं राहिला, हें सांगण्याची पाळी आली कीं गप्प बसतों.

कथक या उत्तरेकडील नृत्यास हे भेद सहज लागू पडतात. ततकार, चक्कर, तिहाई घेऊन समेवर येणें हा सर्व नृत्ताचा भाग. गत आणि भाव सांगणें हा नृत्याचा. आपल्या फडांतील लावणीचें तसें नाहीं. तिच्यांत ढोलकीच्या बोलावर पाऊल पडतें, अदा असते, डोळ्यांचें व हातांचें बोलणें असतें. पण हें सर्व आईकडून मुलीकडे, मावशीकडून भाचीकडे आलेलें. त्यास ग्रंथ नाहीं म्हणून त्यास शास्त्र नाहीं, असें म्हणणें धाडसाचें होईल. तूर्त एवढेंच ठरवूं कीं, या लेखांत 'शास्त्रीय शिक्षण' म्हणजे नांव सांगतां येईल अशा गुरूपाशीं, घराण्याच्या ठरलेल्या क्रमानें घेतलेली तालीम.

या व्याख्येनें पाहतां बोलपटांतील नर्तकींचे दोन वर्ग पडतात. एक शिकून आलेल्यांचा. वैजयंतीमाला १९५१ च्या 'बहार' या हिंदी चित्रपटांत आल्या, त्या भरतनाट्यम् शिकूनच. अलीकडच्या काळांत माधुरी दीक्षित यांनीं लहानपणापासून कथकाची तालीम घेतली होती. १९८४ सालीं 'अबोध' मध्यें त्या पडद्यावर आल्या, आणि २००२ च्या 'देवदास' मधील एका नृत्याची रचना खुद्द बिरजू महाराजांनीं केली. अशा नटींच्या बाबतींत चित्रपटास सिद्ध विद्या मिळते. ती विद्या सिद्ध कशी झाली, याचा लेख चित्रपटांत नसतो. दुसरा वर्ग येऊन शिकलेल्यांचा. तो लहान आहे, आणि संध्या यांचें स्थान त्यांत अग्रभागीं आहे.

(३) शिक्षणापूर्वींचा काळ : १९५१ ते १९५३

'अमर भूपाळी' हा चित्रपट उत्तर पेशवाईंतील शाहीर होनाजी बाळा यांच्यावर आहे. वाचकांस ठाऊकच आहे कीं हीं दोन माणसें. होनाजी शिलारखाने हे गवळी, कवनें रचणारे. बाळा कारंजकर हे त्यांचे जोडीदार, तीं गाणारे. शांतारामांच्या राजकमल संस्थेनें याआधीं १९४७ सालीं 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट काढला होता व त्यांत हंसा वाडकर यांनीं काम केलें होतें. आमचें मिरजगांव नगर-सोलापूर रस्त्यावर आहे. या रस्त्याच्या एका टोकास राम जोशांचें सोलापूर, आणि दुसऱ्या टोकाच्या पलीकडे, आमच्याच जिल्ह्यांत, अनंत फंदींचें संगमनेर. त्यामुळें शाहिरांवरील चित्रपट येथें परका वाटत नसे. वडीलधारी माणसें त्यांतील प्रसंगांवर असें वाद घालीत, कीं जणूं शाहीर त्यांच्या आळींतच राहात होते.

'अमर भूपाळी' १९५२ च्या कान येथील चित्रपट-महोत्सवांतही दाखविला गेला. त्यांत संध्या यांची भूमिका कलावंतिणीची आहे. तेथें त्यांच्या ठिकाणीं काय दिसतें? चेहऱ्याची चपलता, हातवाऱ्यांतील उत्साह, आणि कॅमेऱ्याचें भय नसणें. परंतु आमच्या पाहण्यांत पायांस अजून ती शिस्त आलेली नाहीं. अंग लयीबरोबर हलतें. लय अंगांतून उमटत नाहीं. या दोहोंतील फरक तबल्याच्या साथीस बसलेल्या कोणाही माणसास चटकन् कळतो.

यानंतर १९५३ सालीं 'तीन बत्ती चार रास्ता' आला. निरनिराळ्या प्रांतांच्या सुना एका घरांत नांदतात, अशी त्याची कथा. त्यांत संध्या यांना सांवळ्या वर्णाच्या, गरीब, पण गोड गळ्याच्या मुलीचें काम मिळालें. या भूमिकेचें सारें बळ कंठावर आहे, पायांवर नाहीं. म्हणून नृत्यशिक्षणाची पूर्वमर्यादा आम्ही या सालापाशीं धरतों.

(४) 'झनक झनक पायल बाजे', १९५५

उत्तरमर्यादा याहून निश्चित आहे. १९५५ सालीं 'झनक झनक पायल बाजे' प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील संध्या या दोन वर्षांपूर्वींच्या संध्या नव्हत. या चित्रपटासाठीं त्यांनीं गोपीकृष्ण यांच्यापाशीं कथकाची कसून तालीम घेतली. गोपीकृष्ण हे बनारसच्या परंपरेंतले. सुखदेव महाराजांचे नातू व सितारादेवींचे भाचे. त्या वेळीं ते जेमतेम विशीच्या आसपास होते. चित्रपटांतील नायक तेच, नृत्यांची रचना करणारे तेच, आणि नायिकेस शिकविणारेही तेच. एकाच माणसाच्या ठिकाणीं गुरु, सहनर्तक आणि नृत्यदिग्दर्शक असा तिहेरी संबंध आल्याचें उदाहरण आपल्या बोलपटांत विरळ आहे.

कथा थोडक्यांत अशी. मंगल महाराज हे कडव्या शिस्तीचे नृत्यगुरु. हें काम केशवराव दाते यांनीं केलें आहे. त्यांचा मुलगा गिरधर यास 'भारत नटराज' ही पदवी मिळावी, हा त्यांचा ध्यास. नीला नांवाची श्रीमंत घरची मुलगी आपणांस नृत्य येतें अशा समजांत असते. महाराज तिचें नृत्य पाहून उपहास करतात, गिरधर तिच्यासमोर खरें नृत्य करून दाखवितो, आणि ती मुलगी गर्व टाकून शिष्या होते. पुढें प्रीति, गुरूचा कोप, नीलेचा त्याग, आणि शेवटीं स्पर्धेच्या रंगमंचावर तिचें परत येणें.

म्हणजे पडद्यावरील नीला जें शिकते, तें पडद्याबाहेर संध्या नुकत्याच शिकल्या होत्या. कथा आणि कारकीर्द या दोहोंची अशी गांठ पडलेली पाहून उतावळा अभ्यासक एक चूक करण्याचा संभव आहे, म्हणून सावध करतों. चित्रपटाच्या आरंभीं नीला जें कच्चें नृत्य करते, तें संध्या यांच्या कच्चेपणाचा पुरावा म्हणून घेतां येणार नाहीं. नवशिकेपणाचा अभिनय हा नवशिकेपणाचा पुरावा नव्हे. उलट, चुकीचें नाचून दाखविण्यास बरोबर काय तें ठाऊक असावें लागतें. खरा पुरावा १९५१ च्या चित्रपटांत आहे, कारण तेथें कोणी कच्चेपण दाखवूं पाहात नव्हतें.

शिष्येवरून गुरूची परीक्षा करण्याची रीति आपल्याकडे जुनी आहे. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रां'त गणदास व हरदत्त या दोन नाट्याचार्यांचा तंटा लागतो. त्याचा निवाडा त्यांच्या वादावरून होत नाहीं. शिष्यांचा प्रयोग पाहून करावयाचें ठरतें, आणि परिव्राजिका परीक्षक होते. तेथें कवीनें असा विचार मांडला आहे कीं, कोणाची विद्या त्याच्या स्वतःच्या ठायीं शोभते, कोणाची ती दुसऱ्यास देण्यांत. दोन्ही ज्यास साधतें तोच शिक्षकांत श्रेष्ठ. प्रयोग करणारी मालविका ही तर विदर्भाची राजकन्या, म्हणजे आपल्याच प्रांतांतली. हा अंक आम्हीं शाळेंत कित्येक वर्षें शिकविला, आणि शिकवितांना दर वेळीं 'झनक झनक' ची आठवण होई. गोपीकृष्ण यांची स्वतःची विद्या वादातीत होती. त्यांना विद्या देतां येत होती कीं नाहीं, याची साक्ष संध्या यांचे पाय देतात. लहान वयांत ज्या अंगास वळण लागलें नाहीं, तें अंग थोड्या अवधींत बनारसच्या कथकाच्या वेगाशीं बरोबरी करूं लागतें, याचें श्रेय गुरूस जितकें आहे तितकेंच शिष्येच्या कष्टांसही आहे.

चित्रपटास त्या सालचें हिंदी चित्रपटांसाठींचें राष्ट्रपतींचें रौप्यपदक मिळालें. त्याचे रंग टेक्निकलर पद्धतीचे होते. परंतु हिंदुस्थानांतील तो पहिला टेक्निकलर चित्रपट होय, हें जें ऐकूं येतें तें बरोबर नाहीं. सोहराब मोदी यांचा 'झाँसी की रानी' हा १९५३ चा. संग्राहकांनीं आपल्या नोंदींत ही दुरुस्ती करून ठेवावी.

(५) साक्षीचे नियम

चित्रपट हें साधन मानलें म्हणजे त्याची चिकित्साही पोथीच्या चिकित्सेइतकी कडक असली पाहिजे. जुन्या बाडांत एक हात मूळ लेखकाचा, दुसरा समासांत लिहिणाऱ्याचा, तिसरा पुढील मालकाचा असतो; ते वेगळे केल्यावांचून बाडाचा उपयोग नाहीं. चित्रपटांत तर याहून अधिक हात. 'झनक झनक' मध्यें शीर्षकगीताचा कंठ उस्ताद अमीरखाँ यांचा, नायिकेच्या गाण्यांचा लता मंगेशकर यांचा; पदरचना हसरत जयपुरी यांची, संगीत वसंत देसाई यांचें, तबला सामताप्रसाद यांचा, संतूर तेव्हांच्या तरुण शिवकुमार शर्मांचें, आणि दृश्यरचना कनु देसाई यांची. यांतून संध्या यांचें स्वतःचें काय, हें निवडून काढण्यासाठीं आम्ही पुढील नियम पाळतों.

पहिला नियम : ज्या दृश्यांत मस्तकापासून पायांपर्यंत पूर्ण देह दिसतो आणि दृश्य मध्यें तुटत नाहीं, तेथील साक्ष पूर्ण मानावी. दुसरा : ज्या दृश्यांत केवळ पाय किंवा केवळ हात दिसतात, तेथील साक्ष अपुरी मानावी, कोणावर संशय म्हणून नव्हे, तर सही नसलेला कागद आपण जसा बाजूस ठेवतों तसें. तिसरा : घुंगरांचा नाद मागाहून मुद्रित होऊं शकतो, म्हणून पायांची परीक्षा कानानें न करतां डोळ्यानें करावी, शक्य तर एकदां आवाज बंद करून पाहावें. चौथा : दृश्यांचा पडद्यावरील क्रम हा चित्रणाचा क्रम नव्हे, म्हणून एकाच चित्रपटाच्या आरंभाची व शेवटाची तुलना करून प्रगति ठरवूं नये, तुलना निरनिराळ्या सालांच्या चित्रपटांची करावी.

या चाळणीनें चाळल्यावर १९५५ च्या चित्रपटांतील बरेंच कांहीं बाजूस पडतें. तरी जें उरतें तें थोडें नाहीं. दोघे नर्तक पूर्ण देहानें समोरासमोर आहेत, आणि नजर आपोआप गोपीकृष्ण यांच्याकडे जात असतांही नायिका मागें पडत नाहीं, असे तुकडे पुष्कळ आहेत. आमचें अनुमान त्यांवर उभें आहे.

(६) विद्येचा विनियोग : १९५७ ते १९६१

शिकलेलें सर्वच दाखवावें असें नाहीं. केव्हां झांकावें हेंही विद्येचेंच अंग. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' मध्यें संध्या खेळणीं विकणारी गांवठी बाई झाल्या. बर्लिनच्या १९५८ च्या महोत्सवांत या चित्रपटास रौप्य-अस्वलाचें पारितोषिक मिळालें. त्या भूमिकेंत कथकाचा एकही उघड तुकडा शोभला नसता, आणि तसा तो नाहींही. पण ती बाई चालते, वळते, खेळणें वाजवीत उभी राहते, तेव्हां देहाचा तोल 'अमर भूपाळी' मधला राहिलेला नाहीं. तालमीनें आलेला तोल साध्या चालण्यांतही लपत नाहीं.

१९५९ चा 'नवरंग' हा एका कवीची व त्याच्या कल्पनेंतील मोहिनीची कथा सांगतो. संगीत सी. रामचंद्र यांचें व गीतें भरत व्यास यांचीं. त्यांतील होळीच्या नृत्यांत संध्या यांनीं एकाच देहानें पुरुष व स्त्री अशीं दोन्ही पात्रें उभीं केलीं. एका बाजूनें स्त्री, पाठमोरें होतांच मुखवट्यानें पुरुष. लोक या युक्तीचें कौतुक करतात. आम्हांस युक्तीपेक्षां तींतील शास्त्र मोठें वाटतें. शास्त्रकारांनीं तांडव व लास्य असे दोन प्रकार सांगितले. एक उद्धत, एक सुकुमार. प्रत्येक वळणास अंगाचा स्वभाव बदलणें, आणि पाठीनेंही अभिनय करणें, हें केवळ मुखवट्यानें साधत नाहीं. पाठमोऱ्या पुरुषाच्या खांद्यांचा ताठा पाहावा, म्हणजे आमच्या म्हणण्याची खात्री पटेल.

१९६१ च्या 'स्त्री' मध्यें शांताराम हे दुष्यंत व संध्या या शकुंतला झाल्या. ऑस्कर पारितोषिकासाठीं हिंदुस्थानाकडून तो चित्रपट पाठविण्यांत आला होता. संस्कृत शिकलेल्या माणसास या चित्रपटावर दोन शब्द अधिक लिहिण्याचा मोह होतो. कालिदासाची शकुंतला नर्तकी नव्हे, आश्रमकन्या आहे. म्हणून तिला नाचविणें हें मूळास सोडून झालें, असा आक्षेप आम्हीही तरुणपणीं घेत असूं. पुढें राघवभट्टाची 'अर्थद्योतनिका' टीका नीट वाचली, तेव्हां आमचा सूर उतरला. झाडांस पाणी घालणें, भुंग्याच्या त्रासानें व्याकुळ होणें या पहिल्या अंकांतील रंगसूचनांवर राघवभट्ट हस्तांची व दृष्टींची योजना सांगतो. म्हणजे जुन्या काळीं नटी तेथें खरा घडा घेऊन पाणी घालीत नसे. ती क्रिया अंगानें सुचवीत असे. शकुंतलेच्या भूमिकेस नृत्यशिक्षित देह लागतो, ही गोष्ट टीकाकारास ठाऊक होती. आम्हां शाळामास्तरांस ती एका बोलपटानें शिकविली. शांतारामांनीं जी नृत्यांची भर घातली ती सर्व कालिदासास मानवली असती असें नव्हे. पण नृत्य शिकलेल्या नटीस शकुंतला करावें, ही निवड मात्र परंपरेस सोडून नव्हती.

(७) आक्षेपांचा विचार

संध्या यांच्या नृत्यावर जाणत्या लोकांनीं घेतलेला आक्षेप आम्हांस लपवावयाचा नाहीं. तो असा कीं, त्यांचा अभिनय अतिरंजित होता. मान, भुंवया व कंबर यांस त्या गरजेहून अधिक झटके देत. आणि दिग्दर्शकाच्या भपकेदार दृश्यरचनेंत नृत्याची खोली हरवली. यांतील बराच भाग खरा आहे. लहान वयांत शिकलेल्या नर्तकीच्या अंगीं जी विश्रांति असते, म्हणजे दोन क्रियांच्या मध्यें कांहीं न करतां उभें राहण्याची जी तयारी असते, ती संध्या यांच्यापाशीं क्वचित् दिसते. उशिरां शिकणारा माणूस रिकामी मात्रा सोडावयास भितो. संस्कृत उशिरां शिकलेला गृहस्थ जसा प्रत्येक वाक्यांत समास घालतो, तसेंच हें.

परंतु हा आक्षेप आमच्या सिद्धांतास बाधक नसून साधकच आहे. अक्षर घोटून घोटून वळणदार केलें आहे कीं बालपणापासून तसें आहे, हें जाणत्यास ओळखूं येतें; आणि घोटलेलें अक्षर म्हणून तें कमी खरें ठरत नाहीं. संध्या यांच्या नृत्यांत कष्टांची खूण शेवटपर्यंत राहिली. ती खूण आहे म्हणूनच त्यांचें शिक्षण केव्हां झालें हें आज आपण सांगूं शकतों.

(८) 'पिंजरा' आणि मिरजगांव

आतां शेवटचा लेख, १९७२ चा 'पिंजरा'. संगीत राम कदम यांचें, गीतें जगदीश खेबुडकरांचीं, नायिकेच्या गाण्यांत उषा मंगेशकर यांचा कंठ. कथेचा धागा हाइनरिख मान यांच्या १९०५ च्या एका कादंबरीवरून निघालेल्या 'ब्ल्यू एंजल' (१९३०) या जर्मन बोलपटाशीं जुळतो, पण माती सर्वस्वी आपली आहे. गांवास शिस्त लावणारे आदर्श गुरुजी तमाशास विरोध करतात. चंद्रकला ही फडांतील नर्तकी त्यांचा गर्व उतरविण्याची प्रतिज्ञा करते. आणि गुरुजी शेवटीं तिच्याच फडांत हातीं तुणतुणें घेऊन उभे राहतात. गुरुजींचें काम डॉ. श्रीराम लागू यांनीं केलें.

या वेळपर्यंत संध्या यांच्या कारकीर्दीचें एक वर्तुळ पुरें झालें होतें. १९५१ सालीं त्या शिक्षणावांचून तमाशाच्या जगांत उभ्या होत्या. एकवीस वर्षांनीं कथकाचें शिक्षण अंगीं बाणवून त्या तेथेंच परत आल्या. म्हणून या दोन चित्रपटांची तुलना ही आमच्या मतें त्यांच्या शिक्षणाची सर्वांत चांगली कसोटी होय. विषय एक, ढोलकी एक, व्यक्ति एक. मध्यें केवळ तालीम.

'पिंजरा' आम्हीं प्रथम पाहिला तो यात्रेंतल्या तंबूंत, जमिनीवर बसून, तेही शाळकरी वयांत. त्या वेळीं आम्हांस गुरुजींची दया आली होती. पुढें स्वतः गुरुजी झाल्यावर भीति वाटूं लागली. या भागांत मास्तरानें फडाच्या वाऱ्यास उभें राहूं नये, अशी समजूत. आणि जामखेडच्या बाजूस लावणीचीं कला केंद्रें असल्यामुळें ती समजूत पाळण्याचे प्रसंगही येत. आम्ही ती निष्ठेनें पाळली. मालविकेचें नृत्य वर्गांत रंगवून सांगावें, आणि फडांतील बाई रस्त्यानें समोरून आली तर नजर खालीं घालावी, असें आमचें वर्तन होतें.

निवृत्तीच्या कांहीं वर्षें आधीं आम्हांस कळलें कीं, जवळच्या एका वाडीवर राहणाऱ्या वृद्ध बाईंपाशीं लावण्यांचें जुनें बाड आहे. त्या पूर्वीं फडांत नाचत असत. आम्ही गेलों. बाईंनीं पत्र्याची पेटी उघडली. वर चित्रपटांच्या पुस्तिकांचा गठ्ठा होता. थिएटराच्या दारांत गाण्यांच्या ज्या पातळ पुस्तिका विकत, त्या. त्यांत 'पिंजरा' ची होती. खालीं फडक्यांत बांधलेलें बाड. आम्हीं पुस्तिका बाजूस सारल्या आणि बाड घेतलें. तेव्हां बाई 'पिंजरा' च्या पुस्तिकेवर बोट ठेवून म्हणाल्या, "गुरुजी, ह्यातलं पायाचं काम आमचं न्हाई बरं. त्ये बाहीरनं आल्यालं. पर कमरंचं आन् डोळ्याचं हाय, त्ये आमचंच हाय. उठून दावू का?"

आम्ही म्हणालों, "असूं द्या मावशी, तुम्हांला त्रास नको." खरी गोष्ट अशी होती कीं, आम्हांस त्या बाईंच्या अंगणांत नृत्य पाहतांना कोणी पाहूं नये, असें वाटलें.

बाडांत होनाजीच्या व अनंत फंदींच्या नांवावरच्या लावण्या निघाल्या. बहुतेक पूर्वींच छापलेल्या, पाठभेद किरकोळ. दोन वर्षांनीं आम्ही पुन्हा त्या वाडीवर गेलों. बाई वारल्या होत्या. पेटी मोडींत व पुस्तिका रद्दींत गेल्या होत्या.

त्या बाईंचें तें एक वाक्य या लेखांतील आमच्या सर्व नियमांहून अधिक मोलाचें आहे. चित्रपटांतील लावणींत कथकाचा भाग कोणता आणि फडाचा कोणता, हें त्यांनीं पायांपासून डोळ्यांपर्यंत विभागून सांगितलें होतें, आणि करून दाखविण्यास त्या तयार होत्या. अशी टीका करणारा राघवभट्ट आमच्यासमोर बसला असतां आम्हीं त्यास उठूं दिलें नाहीं. आम्ही कागद घेऊन आलों, आणि ज्या देहांत लावणीचा पाठ होता तो तेथेंच सोडला.

(९) उपसंहार

एकंदर विचाराचा निष्कर्ष असा. संध्या यांच्या शास्त्रीय नृत्यशिक्षणाचा काळ १९५३ च्या पुढें व १९५५ च्या आंत पडतो, गुरु गोपीकृष्ण, आणि त्या शिक्षणाचा परिणाम १९५७, १९५९, १९६१ व १९७२ या सालांच्या चित्रपटांतून सलग दाखवितां येतो.

आतां विनंति. चित्रपट अविनाशी आहे, अशी समजूत कोणाची असेल तर ती सोडावी. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, हें मोठें काम झालें. पण त्याच शहरांत जानेवारी २००३ मध्यें लागलेल्या आगींत ज्वालाग्राही नायट्रेट फितींवरील कित्येक जुने चित्रपट, त्यांत प्रभातचेही, जळून गेले. वाळवी लागलेली पोथी निदान अर्धी वाचतां येते. जळलेल्या फितीचें कांहींच उरत नाहीं. म्हणून ज्यांच्या घरीं जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, हस्तपत्रकें व छायाचित्रें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. त्यांवर नृत्य शिकविणाऱ्यांचें नांव छापलें असल्यास तें अवश्य टिपून ठेवावें.

आणि ज्यांच्या गांवीं फडांत नाचलेली एखादी वृद्ध बाई अजून असेल, त्यांनीं तिच्याकडे बाड मागण्यापूर्वीं 'पिंजरा' तील पाऊल कोणाचें, हें विचारावें. ती उठून दाखवूं म्हणाली तर तिला उठूं द्यावें, आणि अंगणांत बसून पाहावें.